शब्दांची वेठ

कादंबरी ही एकट्या माणसाची निर्मिती असते, असा समज आपल्या मराठी वाचकवर्गात पक्का रुजलेला आहे. नाटक अनेकांचे असते, चित्रपट अनेकांचा असतो, संगीत तर जोडीनेच अधिक रंगते. शंकर-जयकिशनपासून अजय-अतुलपर्यंत कितीतरी जोडनावे आपण एका दमात उच्चारतो. कादंबरीच्या मुखपृष्ठावर मात्र दोन नावे दिसली की आपल्या कपाळाला आठी पडते. दोघांपैकी खरा लेखक कोणता, हा प्रश्न आपण लगोलग विचारतो. या समजाविरुद्ध आज आम्हांला लिहावयाचे आहे. दोघांनी मिळून कादंबरी लिहिणे ही कमी प्रतीची गोष्ट आहे, असे आम्ही मानीत नाही. कमी प्रतीची गोष्ट एकच, ती म्हणजे दोघांनी लिहून एकट्याने सही करणे.

हा साहित्यिकांच्या बैठकीतला विषय, त्याचा रानशेतसारख्या गावाशी काय संबंध, असे वाचकांस वाटेल. संबंध फार जवळचा आहे. डहाणू आणि तलासरी हे तालुके लेखकांना, अभ्यासकांना आणि छायाचित्रकारांना अतिशय आवडतात. येथे येणाऱ्यास वारली पाड्यावर घोंगडी अंथरून मिळते, भाकरी मिळते आणि गोष्टही मिळते. कणसरीची गोष्ट, हिरव्याची गोष्ट, खावटीसाठी सावकाराच्या दारी उभ्या राहिलेल्या आजोबांची गोष्ट. पाहुणा वही भरून घेऊन जातो. पुढे त्या वहीचे पुस्तक होते. पुस्तक वाईट असते असे नाही. कधी कधी ते उत्तमही असते. आमची तक्रार पुस्तकाच्या आतल्या मजकुराविषयी नाही, वरच्या पुठ्ठ्याविषयी आहे.

आमच्या परिचयाचा एक वारली तरुण शिक्षक आहे. त्याचे नाव येथे देत नाही, कारण तशी त्याची इच्छा नाही. एका शहरी लेखकाबरोबर दोन वर्षे शनिवार-रविवार बसून त्याने एका कादंबरीचे काम केले. मूळ कथा त्याच्या आजीची. लेखकाच्या पहिल्या खर्ड्यात ऐन आषाढात तारपा वाजत होता. पेरणी-आवणीच्या दिवसांत तारपा वाजवीत नाहीत, हे सांगून तरुणाने ते सारे प्रकरण मोडावयास लावले आणि नव्या भाताच्या हंगामात नेऊन बसविले. नायिकेच्या तोंडी लेखकाने शाळेच्या पुस्तकातील मराठी घातली होती. ते संवाद या तरुणाने आपल्या हाताने वारली बोलीत पुन्हा लिहून दिले. शेवट कसा करावा यावर दोघांचा कडाक्याचा वाद झाला आणि शेवट तरुणाच्या म्हणण्याप्रमाणे ठरला. यथावकाश पुस्तक छापून आले. मुखपृष्ठावर एकच नाव होते. प्रस्तावनेच्या अखेरीस, अक्षरजुळणी करणाऱ्याचे आभार मानून झाल्यावर, ‘स्थानिक मित्रांचे सहकार्य लाभले’ असे एक वाक्य होते. तरुणाने प्रत घरी नेली. त्याच्या आईला वाचता येत नाही. तिने पुस्तक उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, “यात तुझं नाव कुठं हाय?” त्याला बोट ठेवण्यास जागा नव्हती.

या भूमीत अशा व्यवहाराला फार जुने नाव आहे. त्यास वेठ म्हणतात.

वेठ म्हणजे मोबदल्याविना करून घेतलेले काम. जमीनदाराच्या शेतावर आधी राबावयाचे, आपल्या तुकड्यावर नंतर. त्याहून कडू शब्द ‘लग्नगडी’ हा होता. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको दोघेही सावकाराच्या घरी बांधले जात. कर्ज नवऱ्याच्या नावावर, राबणूक दोघांची. १९४५ च्या मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावी हजारो वारली जमले आणि वेठ करणार नाही असे त्यांनी ठरविले. त्याच वर्षी १० ऑक्टोबर रोजी तलवाडा येथे गोळीबार होऊन माणसे मेली. त्या लढ्याचे नेतृत्व करणारे शामराव व गोदावरी परुळेकर हे दांपत्य साम्यवादी होते. त्यांच्या आणि आमच्या श्रद्धेत मोठे अंतर आहे. परंतु वेठ हे पाप आहे याविषयी अंतर नाही. या दांपत्याने एकाच कार्याविषयी दोन स्वतंत्र पुस्तके लिहिली. शामरावांची इंग्रजी पुस्तिका १९४७ साली निघाली, गोदावरीबाईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ १९७० साली, आणि त्यास १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. जिने लिहिले तिचे नाव, ज्याने लिहिले त्याचे नाव. हिशेब स्वच्छ आहे. असाच स्वच्छ हिशेब दोघांनी मिळून लिहिलेल्या पुस्तकाचाही असावा, एवढेच आमचे म्हणणे आहे. शेतातली वेठ कायद्याने गेली. कागदावरची वेठ अद्याप चालू आहे, आणि ती करून घेणारे आपण सुशिक्षित लोक आहोत.

आमच्या या म्हणण्यावर जे आक्षेप घेतले जातात, त्यांचा क्रमाने विचार करू.

पहिला आक्षेप कलेचा. कादंबरीस एकच दृष्टी हवी, दोन मने एकत्र आली की तिचा गोधडीसारखा तुकड्यातुकड्यांचा प्रकार होतो, असे म्हणतात. हे म्हणणाऱ्यांनी जगाकडे पाहिलेले नाही. स्वीडनमध्ये माय श्योवाल आणि पेर वालो या जोडप्याने १९६५ ते १९७५ या काळात एका पोलिस अधिकाऱ्याच्या जीवनावर दहा कादंबऱ्या लिहिल्या. मुलांना झोपवून रात्री दोघे मेजाशी बसत आणि एक प्रकरण त्याने, एक तिने असे लिहीत. त्यांतले कोणते प्रकरण कोणाचे, हे वाचकास ओळखता येत नाही. आपल्या शेजारच्या हिंदीत राजेंद्र यादव आणि मन्नू भंडारी यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी ‘एक इंच मुस्कान’ ही कादंबरी आळीपाळीने प्रकरणे लिहून सिद्ध केली. पुढे त्या दोघांचा संसार टिकला नाही, ही दुःखाची गोष्ट. पण पुस्तकावरील दोन्ही नावे टिकली. घर फुटले म्हणून श्रमाचा साक्षीदार खोटा ठरला नाही. तेव्हा दोन मनांची कादंबरी होऊ शकते हे सिद्ध झालेले आहे. ती करणे कठीण आहे, हे आम्ही मान्य करतो. कठीण आहे म्हणूनच ती करणाऱ्या दोघांचाही मान मोठा.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. गोष्ट सांगणे वेगळे आणि कादंबरी लिहिणे वेगळे. ज्याने ज्याने माहिती पुरविली त्या प्रत्येकाचे नाव घालावयाचे तर मुखपृष्ठ पुरणार नाही, असे म्हणतात. या आक्षेपात तथ्य आहे आणि ते आम्ही झाकणार नाही. केवळ कल्पना, विषय वा कथासूत्र यांवर लेखनाचा मालकी हक्क चालत नाही, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ सालीच सांगितले आहे. रस्ता दाखविणारा, जुना दस्तऐवज काढून देणारा, दोन दिवस पाहुणचार करणारा हा सहलेखक नव्हे; त्याचे आभार मानले की पुरे. परंतु १९५७ च्या आपल्या स्वामित्वहक्क कायद्यात संयुक्त लेखनाचीही व्याख्या आहे. दोघा-तिघांनी मिळून असे काम केले की एकाचा वाटा दुसऱ्याच्या वाट्यापासून वेगळा काढता येत नाही, ते संयुक्त लेखन. इतकेच नव्हे, तर हक्क विकल्यानंतरही ‘हे मी लिहिले आहे’ असे सांगण्याचा अधिकार त्याच कायद्याने लेखकापाशी ठेवला आहे.

ज्यांस कायद्याची भाषा नको, त्यांच्यासाठी आम्ही तीन साधे प्रश्न सुचवितो. पुस्तकातील वाक्ये दोघांच्या हातून गेली आहेत काय? कोणता प्रसंग ठेवावा व कोणता गाळावा, हे दोघांनी ठरविले काय? आणि दुसरा माणूस मध्येच निघून गेला असता, तर हेच पुस्तक झाले असते काय? पहिल्या दोहोंचे उत्तर ‘होय’ आणि तिसऱ्याचे ‘नाही’ असेल, तर ते पुस्तक दोघांचे आहे. आमच्या त्या शिक्षकाला हे तिन्ही प्रश्न लावून पाहा.

तिसरा आक्षेप अधिक गोड बोलतो, म्हणून अधिक धोक्याचा आहे. आदिवासींची परंपराच निनावी आहे, म्हणतात. लग्नाचा चौक लिहिणाऱ्या सवासिणी भिंतीवर कधी सही करीत नाहीत. धवलेरी गाते तेव्हा गाण्याखाली आपले नाव सांगत नाही. मग त्यांच्यावर आपला नावाचा हव्यास कशास लादावा? यास आमचे उत्तर असे. भिंतीला किंमत नव्हती, तोवर भिंतीला सही नव्हती. चौक विकावयाचा नव्हता, तो लग्नाचा होता, सगळ्या पाड्याचा होता. जेव्हा ती भिंत कागदावर उतरली आणि कागद मुंबईच्या दालनात टांगला गेला, तेव्हा सही आली, आणि ती येणेच न्याय्य होते. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांचे नाव चित्राखाली नसते, तर २०११ साली पद्मश्री कोणास मिळाली असती? ‘एका अनाम आदिवासी कलावंतास’? त्याच गंजाडचे राजेश वांगड आणि छायाचित्रकार गौरी गिल यांनी २०१३ पासून मिळून एक चित्रमालिका केली. तिने छायाचित्र टिपले, त्याने त्याच छायाचित्रावर आपल्या गावाच्या आठवणी वारली रेषेत काढल्या. ती चित्रे दोघांच्या नावांनी प्रदर्शित होतात. रानशेतहून गंजाड काही दूर नाही. चित्रकलेला जे साधले, ते शब्दकलेला का साधू नये? निनावीपणाचा एवढाच आदर असेल, तर शहरी लेखकाने आपलेही नाव काढून टाकावे. पुस्तक निनावी छापू द्यावे. आम्ही टाळ्या वाजवू. एकाने नाव घ्यावे आणि दुसऱ्याने परंपरा पाळावी, ही वाटणी आम्हांस मान्य नाही.

चौथा आक्षेप आमच्याच घरातून येतो. ख्रिस्ती माणसाने नावाचा लोभ धरू नये, उजव्या हाताने केलेले डाव्या हातास कळू देऊ नये, असे आम्हांस ऐकविले जाते, आणि ऐकविणारा बहुधा तोच असतो ज्याचे नाव आधीच छापून आलेले असते. प्रभूची ती शिकवण आपल्या दानधर्माविषयी आहे, दुसऱ्याच्या मजुरीविषयी नाही. स्वतःचे नाव आपण होऊन मागे घेणे ही नम्रता. दुसऱ्याचे नाव त्याला न विचारता मागे ठेवणे ही अडवून ठेवलेली मजुरी, आणि तशा मजुरीचा आक्रोश कोठवर पोहोचतो हे संत याकोबाने आपल्या पत्रात स्पष्ट सांगितले आहे. नव्या करारात सहलेखनाची लाज कोठेही दिसत नाही. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पत्रांच्या आरंभी संत पौलाने आपल्याबरोबर सिल्वान आणि तीमथ्य यांची नावे घातली आहेत. रोमकरांस लिहिलेल्या थोर पत्राच्या शेवटच्या अध्यायात तर ज्याने ते लिहून घेतले तो तर्तियस स्वतःच्या नावाने वाचकांस नमस्कार सांगतो. प्रेषिताने त्याला अडविले नाही. वीस शतके होत आली, तरी त्या लेखनिकाचे नाव आपण वेदीवरून वाचतो.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या पायातच जोडलेखनाचा एक चिरा आहे, आणि त्याचा आम्हांस विसर पडला आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक ९ मे १९१९ रोजी निवर्तले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले होते. ज्या बाईने कोणत्याही शाळेची पायरी चढून शिक्षण घेतले नव्हते, त्या लक्ष्मीबाईंनी पुढे सुमारे ६४ अध्याय रचून ते काव्य तडीस नेले. ती कादंबरी नव्हे, काव्य आहे, हे खरे. ते आपल्या कॅथॉलिक घरातलेही नव्हे. परंतु दोन हातांनी एक मोठे कथन कसे उभे राहते, याचे याहून चांगले उदाहरण मराठीत आम्हांस माहीत नाही. आरंभ पतीचा, बहुतेक सारी इमारत पत्नीची. तरीही बोलण्याच्या ओघात आपण काय म्हणतो? ‘टिळकांचे ख्रिस्तायन’. येथे मुखपृष्ठाचा दोष नाही, आपल्या जिभेचा आहे. जीभ एका नावाला सरावलेली आहे, आणि ते नाव बहुधा पुरुषाचे असते.

म्हणून वाचकहो, हा प्रश्न केवळ वारली तरुणाचा आणि शहरी लेखकाचा नाही. तो वसईच्या आपल्या घरांचाही आहे. पती लिहितो, पत्नी प्रत्येक प्रकरण वाचून दोन पाने खोडते आणि एक पान नवे घालते. पुस्तक निघते तेव्हा अर्पणपत्रिकेत ‘सहधर्मचारिणीस’ असा एक शब्द तिच्या वाट्यास येतो. आजी कादोडीत घटकाभर बोलते, नातू ते प्रमाण मराठीत उतरवितो. कथा छापून येते ती नातवाची. लग्नगड्याची वाटणी येथे नुसती उलटी झाली आहे. तेथे कर्ज एकाचे आणि राबणूक दोघांची होती; येथे राबणूक दोघांची आणि जमा एकाच्या नावावर. ज्या घरात हे चालते ते घर दुष्ट नसते. तेथे प्रेमही असते, एकत्र प्रार्थनाही असते. परंतु जेथे प्रेम आहे, तेथे तर दोन नावे लिहिण्यास अडचण कसली?

नावाने काय होते, असे विचारणाऱ्यांस मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील एक प्रसिद्ध हकिकत आठवावी. १९७३ साली ‘जंजीर’ प्रदर्शित झाला, तेव्हा त्याच्या भित्तिपत्रकांवर पटकथा लिहिणाऱ्या सलीम-जावेद या जोडीचे नाव नव्हते. त्यांनी एक रंगारी गाठला आणि शहरभरच्या भित्तिपत्रकांवर आपले नाव रंगवून घेतले. रंगाऱ्याने घाईत ते कोठे नायकाच्या चेहऱ्यावर, कोठे हातावर उमटविले, असे सांगतात. लोक हसले असतील; पण त्यानंतर हिंदी चित्रपटाच्या लेखकाकडे पाहण्याची लोकांची दृष्टी बदलली. याउलट फ्रान्समधली कथा पाहा. अलेक्झांडर द्युमा यांच्या ‘तीन शिलेदार’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कादंबरीसह अनेक कादंबऱ्यांत ऑगस्त माके यांचा मोठा हात होता. माके न्यायालयात गेले. १८५८ साली त्यांना पैशाचा हक्क मिळाला, सहलेखक म्हणून नाव मिळाले नाही. आज द्युमांना जग ओळखते. माके कोण, हे सांगावे लागते. पैसा खर्च होऊन जातो, नाव राहते.

आता नुसती टीका करून थांबणे धर्मगुरूस शोभत नाही. म्हणून काही व्यवहार्य सूचना. दोघांनी मिळून कादंबरी लिहावयास घेतली, तर पहिले प्रकरण लिहिण्यापूर्वी एक साधा कागद करावा. त्यावर चार गोष्टी असाव्यात. मुखपृष्ठावर दोन्ही नावे कोणत्या क्रमाने येतील. मानधनाची वाटणी कशी होईल. एखादे पान एकास मुळीच मान्य नसेल तर काय करावयाचे. आणि दोघांपैकी एकाने काम सोडले किंवा तो देवाघरी गेला, तर दुसऱ्यास पुढे लिहिण्याची मुभा आहे की नाही. आमच्या मते नको असलेले पान रोखण्याचा अधिकार दोघांसही सारखा असावा, आणि ज्याच्या समाजाविषयी ते पान आहे त्याचे ऐकण्यात दुसऱ्याने अधिक तत्परता दाखवावी. शहरी लेखक पुस्तक झाल्यावर परत जातो. शिक्षकाला त्याच पाड्यावर, त्याच माणसांत राहावयाचे असते. चूक छापली गेली तर उत्तर त्याला द्यावे लागते. ज्याच्यावर जबाबदारी येते, त्याच्याकडे अधिकारही असावा.

संपादकांनी आणि साहित्यस्पर्धा भरविणाऱ्या मंडळांनी आपल्या अर्जात लेखकाच्या नावासाठी एकच ओळ ठेवण्याची सवय सोडावी. या त्रैमासिकाच्या संपादकांनाही आमची विनंती आहे, की एखादा अंक दोन हातांच्या लेखनासाठी राखून ठेवावा. नवराबायकोने मिळून लिहिलेली दीर्घकथा, आजी-नातवाने मिळून लिहिलेले प्रकरण, तलासरीच्या वारली मुलीने आणि वसईच्या मुलीने मिळून लिहिलेली कादंबरिका. सगळे उत्तम होईल असे नाही. काही फसेल, काहींची भांडणे होतील. पण दुसऱ्याचे वाक्य खोडण्यापूर्वी थांबणे आणि आपले वाक्य दुसऱ्यास खोडू देणे, हे शिक्षण एकट्याने लिहिणाऱ्यास मिळत नाही. संसार केलेल्या माणसास ते थोडेफार मिळालेले असते. म्हणूनच आमच्या धर्मग्रामांतील कुटुंबांकडून आम्हांस अधिक अपेक्षा आहे.

येत्या सुगीनंतर तो तरुण शिक्षक दुसरी कादंबरी लिहावयास घेणार आहे. या वेळी तो एकटा लिहिणार नाही आणि दुसऱ्यासाठीही लिहिणार नाही. त्याची पत्नी आठवीपर्यंत शिकलेली आहे. गोष्टी तिला त्याच्याहून अधिक येतात आणि कोठे थांबावे हेही अधिक कळते. दोघांनी वही आणली आहे. वहीच्या पुठ्ठ्यावर त्यांनी अजून कादंबरीचे नाव घातलेले नाही. आपली दोन नावे मात्र घातली आहेत.